अर्ध्या कोर्टाचा खेळाडू

१ नोव्हेंबरला रोहन बोपण्णानं टेनिस थांबवल्याचं जाहीर केलं. पंचेचाळीस वर्षांचा झाला होता. कुर्गमध्ये सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडं फोडली, दमसास वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून पळालो, असं त्यानं निरोपात लिहिलं होतं. वाचून मला भरून आलं. इथे मेलबर्नमध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या, म्हणजे मेलबर्न कपच्या, मंगळवारच्या सुट्टीला जोडून सोमवारचीही रजा होती, घरात निवांतपणा होता. मी तो निरोप घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एक ओळ लिहिली : ‘याला आम्ही इथे जिंकताना पाहिलंय.’

कराडहून दाजींचं उत्तर आलं. ‘डबल्सवाला ना? अर्ध्या कोर्टाचा खेळाडू. एकेरीत जमलं नाही की दुहेरीत पेन्शन.’ त्यावर तीन अंगठे, त्यातला एक आक्काचा.

ग्रुपवर मी काही बोललो नाही. पण आठवडा झाला, गाडीत बसलं की मनातल्या मनात दाजींशी भांडतोय.

हे मत एकट्या दाजींचं नाही, हे मला ठाऊक आहे. १९९९ साली लिअँडर पेस आणि महेश भूपती ही आपली दुहेरीची जोडी एका वर्षात चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, अंतिम फेरीत गेली, पॅरिस आणि विम्बल्डन जिंकून आली, तेव्हाही आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हेच चाललं होतं. आता त्याला नवी जोड मिळाली आहे. एकेरीच्या पहिल्या शंभरात आज एकही भारतीय नाही, आणि आपण दुहेरीचे हारतुरे करत बसतो. पहिलं वाक्य खरं आहे. पण त्याचा दोष दुहेरीवर कसा येतो? एकेरीचा खेळाडू घडायला वर्षानुवर्षं परदेशातल्या छोट्या स्पर्धांमधून हिंडावं लागतं, सोबत प्रशिक्षक लागतो, फिजिओ लागतो, आणि तोवर कमाई जवळजवळ नसते. तो खर्च कुणी उचलत नाही, ही आपली अडचण आहे. बोपण्णानं कुणाच्या ताटातलं काढून घेतलेलं नाही.

आणि ते ‘अर्धं कोर्ट’. एकेरीचं कोर्ट सत्तावीस फूट रुंद असतं, दुहेरीचं छत्तीस. माणूस दुप्पट होतो म्हणून खेळ सोपा होत नाही. समोर जाळ्याशी एक जण उभा असतो, त्याच्या हातात चेंडू गेला की तुमच्याकडे पापणी लवण्याइतकाच वेळ उरतो. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, मी सरकणार की थांबणार, आणि मागच्यानं त्या खुणेवर विश्वास ठेवून सर्व्हिस टाकायची असते. सगळ्यात अवघड असतो दोघांच्या मधोमध येणारा चेंडू. तो कुणाचाच नसतो आणि दोघांचाही असतो. कुणी घ्यायचा हे तो येण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

आमच्या क्लबात दर गुरुवारी रात्री दिव्यांखाली सामने असतात, सगळे दुहेरीचे. मंगळवारी सकाळी बायकांचे, तेही दुहेरीचे, आणि त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या आहेत. दुहेरीत खेळतो म्हणून इथे कुणी कुणाला कमी लेखत नाही. मेलबर्न पार्कमध्ये महान ऑस्ट्रेलियन खेळाडूंचे अर्धपुतळे आहेत, त्यांत टॉड वुडब्रिज आणि मार्क वुडफर्डही आहेत. दोघांनी मिळून अकरा ग्रँड स्लॅम आणि १९९६ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. जॉन न्यूकम आणि टोनी रोश यांची बारा. जोडीनं इतिहास घडवणारी माणसं या देशाला ओळखता येतात. आपल्याला येत नाहीत, याचा मला राग येतो.

दाजी कुस्तीतले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. पण त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली, आणि ते कुणी आणलं? लिअँडर पेसनं, अटलांटात. ‘ते एकेरीत होतं,’ असं दाजी म्हणतील. होतंच. पण त्या आठवड्यात तो जाळ्याशी जे खेळला, ती चपळाई दुहेरीवाल्याचीच होती, असं मी छातीठोक सांगेन.

बोपण्णाचंही तसंच. एकेरीत तो २१३ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही, हे मान्य. पण २०१० साली चेन्नईत डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या स्पर्धेत, ब्राझीलविरुद्ध आपण ०-२ नं मागे होतो, बरोबरी झाली, आणि शेवटचा, निर्णायक एकेरीचा सामना खेळायला उतरला तो हाच अर्ध्या कोर्टाचा खेळाडू. रिकार्डो मेलोला हरवून त्यानं भारताला ३-२ असं तारलं. त्याच महिन्यात तो पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनची अंतिम फेरी खेळून आला होता. प्रेक्षकांत दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत शेजारी शेजारी बसले होते. समोरच्या ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, नेऊन जिंकले.

मग वाट पाहणं. २०१७ साली पॅरिसला कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर मिश्र दुहेरी मिळाली, पण पुरुष दुहेरीनं हुलकावणीच दिली. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली. २०२१ साली पाच महिने एकही सामना जिंकला नव्हता. आता पुरे, असा व्हिडिओ त्यानं बायकोला पाठवला होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. त्याला उभं ठेवलं अय्यंगार योगानं. पुण्यातून जगभर गेलेल्या त्या योगाचे वर्ग इथे आमच्या उपनगरातही भरतात, आणि दोऱ्यांना लटकणाऱ्या ऑस्ट्रेलियन बायका ‘पुणे’ हा शब्द फार आदरानं उच्चारतात.

२०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या वेळी पेसबरोबर खेळायला भूपती आणि बोपण्णा दोघांनीही नकार दिला, ती आठवण मात्र कडू आहे. त्यात बोपण्णा बरोबर होता असं मी म्हणणार नाही. ज्या खेळात जोडीदार सर्वस्व असतो, त्यात असे दुखावे खोल जातात, एवढंच मला कळतं. त्याच्या पुढ्यात मी २०२३ ची अमेरिकन ओपनची अंतिम फेरी ठेवतो. समोरून आलेला चेंडू त्याच्या दंडाला पुसटसा लागून गेला. पंचांना दिसला नव्हता. यानं स्वतः जाऊन सांगितलं आणि गुण सोडला. पुढे सामनाही हरला. त्याच महिनाअखेरीला हांगझूला आपल्या ऋतुजा भोसलेला सोबत घेऊन आशियाई सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ नं गेला होता, तिथून ते दोघं परत आले. नगर जिल्ह्यातल्या मुलीच्या गळ्यात ते पदक होतं. तेव्हा ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांत दाजी पहिले होते, हेही मला आठवतं.

आता २७ जानेवारी २०२४ ची रात्र.

ऑफिसातल्या एकाला जमणार नव्हतं, त्याची ऑस्ट्रेलियन ओपनची दोन तिकिटं मला मिळाली. मी आणि माझी लेक, ती तेव्हा दहा वर्षांची. आधी सबालेंकानं महिलांची अंतिम फेरी सव्वा तासात आटोपली, मग रॉड लेव्हर अरेनावर पुरुष दुहेरी. बोपण्णा आणि ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन, समोर इटलीचे बोलेली आणि वाव्हासोरी. बोपण्णाचं वय ४३. आदल्या वर्षी याच तारखेला, याच कोर्टवर तो सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी हरला होता.

लेक इथे जन्मली. एमसीजीवर, इथल्या क्रिकेटच्या मैदानावर, भारताचा सामना असला की आमच्या घरात दरवेळी एक अवघड सकाळ असते. निळा शर्ट मी काढून ठेवतो, ती तो घालते, पण शाळेतल्या मैत्रिणी दिसल्या की वरून जॅकेट ओढते. मीही, खरं सांगायचं तर, ऑफिसच्या लोकांसोबत बसलो असलो की विकेट पडल्यावर आधी आजूबाजूला बघतो आणि मग टाळी वाजवतो. सतरा वर्षं झाली, नागरिकत्व घेऊन नऊ वर्षं झाली, तरी ती सवय जात नाही.

त्या रात्री आजूबाजूला बघावं लागलं नाही. लेक ‘एब्बो, एब्बो’ ओरडत होती, मी ‘रोहन’ ओरडत होतो, आणि दोघं जाळ्याच्या एकाच बाजूला होते. पहिला सेट टायब्रेकवर गेला, ७-०. दुसरा ७-५. शेवटचा गुण पडल्यावर लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला की घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला. ‘बाबा, आपण दोघंही जिंकलो,’ ती म्हणाली. एब्डन जन्मानं दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, लहानपणी इथे आला, हे तिला मी रिचमंड स्टेशनकडे चालताना सांगितलं. ‘म्हणजे तोही तुझ्यासारखा?’ असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. दोनच दिवसांनी बोपण्णा जगात पहिल्या क्रमांकावर गेला. इतक्या उशिरा पहिल्यांदा तिथे पोचलेला दुसरा कुणी नव्हता.

दाजींना सुनावताना मी दोन गोष्टी गाळतो. महिलांची अंतिम फेरी संपल्यावर आमच्या रांगेतली निम्मी माणसं उठून गेली होती. आणि त्या वर्षी एकेरीच्या विजेत्याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, दुहेरीच्या जोडीला दोघांत मिळून सात लाख तीस हजार. म्हणजे अर्धपुतळे उभारणारा हा देशही दुहेरीला कमीच तोलतो. हे मला माहीत होतं आणि मी ते सोयीनं बाजूला ठेवलं.

एवढं का लागलं मला? ‘अर्धा’ हा शब्द लागला. गावच्या जमिनीबद्दल, घराच्या दुरुस्तीबद्दल, निवडणुकीबद्दल मी ग्रुपवर काही लिहिलं की दाजी लिहितात, ‘तिकडून बोलायला सोपं असतं पाव्हणं.’ आणि दरवेळी मला वाटतं की माझं अर्धं मत बाद झालं.

पण ते चुकीचं बोलत नाहीत. आण्णा आजारी होते ते सात महिने दवाखान्याच्या बाकावर रात्री कोण झोपलं? दाजी. सलाइन संपत आलं की नर्सला उठवायला कोण गेलं? दाजी. मी पैसे पाठवत होतो आणि रोज रात्री व्हिडिओवर आण्णांचा चेहरा बघत होतो. दाजी फोन त्यांच्या तोंडाशी धरून उभे असायचे, आणि पडद्याच्या कडेला दाजींचा अंगठा दिसायचा, नख काळं पडलेलं, दारात सापडून चेमटलेलं. कधी लागलं ते, हे मी विचारलंसुद्धा नाही. फेब्रुवारीत आण्णा गेले. मी पोचलो तो सावडण्याच्या दिवशी. प्रीतिसंगमावर पाण्यात उतरताना दाजींनी माझा दंड धरला होता.

मुलाच्या वाट्याचं कोर्ट सात महिने जावयानं सांभाळलं, आणि मी त्या माणसाला दुहेरी समजावून सांगायला निघालोय.

तरी बोपण्णाबद्दल ते चुकतात, यावर मी ठाम आहे. म्हणून काल ग्रुपवर न लिहिता सरळ फोन लावला. त्या अंतिम सामन्याचा व्हिडिओ पाठवतो म्हणालो, फक्त मधोमध येणाऱ्या चेंडूंकडे लक्ष ठेवून बघा, पंधरा मिनिटं. ‘बघतो,’ म्हणाले. मग गप्प. मग म्हणाले, ‘आण्णांचं वर्षश्राद्ध जानेवारीच्या शेवटाला येतंय. तुमच्यात तेव्हा ते टेनिस असतं ना?’

‘असतं,’ मी म्हणालो. ‘तिकीट काढलंय दाजी. कराडचं.’