चौथ्या स्टेजला मणक्याचं ऑपरेशन कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात पोहोचला म्हणजे तो बरा होत नाही, मग पाठीत रॉड-स्क्रू बसवणं हा शेवटच्या महिन्यांतला छळ; आणि या ऑपरेशनांवरचा माझा लेख म्हणजे सर्जन मंडळींची जाहिरात.

बरा होत नाही, हे लेखातही आहे. पण हे ऑपरेशन त्यासाठी नसतंच. गाठीचा मज्जारज्जूवर दाब येतो, पायांतली ताकद जाते, लघवीवरचा ताबा सुटतो. तो दाब काढायचा आणि खचलेल्या मणक्याला आधार द्यायचा, एवढाच हेतू. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पॅचेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात वेगवेगळ्या कॅन्सरचे १०१ पेशंट होते. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के उपचारानंतर चालू शकले, आधी ऑपरेशन आणि मग रेडिएशन झालेल्यांपैकी ८४ टक्के. चालणं टिकलं ते पहिल्या गटात मध्यकाने (म्हणजे निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) १३ दिवस, दुसऱ्यात १२२. आयुष्य मात्र १०० दिवस आणि १२६ दिवस. म्हणजे आयुष्य फारसं वाढत नाही हे तुमचं म्हणणं खरंच आहे. मी मोजतोय ते त्या दिवसांत स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता येणं.

पूर्वी अशा ऑपरेशनांनी पेशंट आणखी बिघडायचे, असंही तुम्ही लिहिलंत. बिघडायचे. तेव्हा लॅमिनेक्टॉमी करायचे, म्हणजे मणक्याची मागची कमान काढायचे. गाठ बहुतेक वेळा पुढे, मणक्याच्या मुख्य भागात. दाब तसाच राही, वर शाबूत होता तो मागचा आधारही जाई. आता दाब जिथून येतो तिथलाच काढतात आणि मणका रॉडने धरून ठेवतात.

आणि हे सरसकट कुणालाही सुचवत नाहीत. त्या अभ्यासातही निदान तीन महिने जगण्याची शक्यता असलेले, एकाच ठिकाणी दाब असलेले पेशंटच घेतले होते. पाय पूर्ण लुळे पडून ४८ तासांहून जास्त झालेले वगळले होते. फुप्फुसाच्या कॅन्सरचा स्मॉल सेल प्रकार रेडिएशनला आणि केमोला चांगली दाद देतो, तिथे सहसा चाकू लागत नाही. उलट गाठीच्या ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असलेल्यांना त्या बदलावर नेमक्या काम करणाऱ्या गोळ्यांवर बराच काळ मिळू शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत ऑपरेशनचा विचार जास्त गंभीरपणे होतो.

राहिलं 'पाठदुखीने घाबरवता' हे. प्रत्येक पाठदुखीबद्दल मी बोलत नाहीये. पण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटला नव्याने पाठ दुखू लागली, आडवं झाल्यावर दुखणं वाढलं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं किंवा पाय जड झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पूर्ण मणक्याच्या एमआरआयबद्दल विचारा. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचंच चालणं टिकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.