खातं आपल्या दारी, पाणी आपल्या घरी

नागपूरकर मंडळी, आपल्या शहराचे रस्ते-नाल्या सांभाळणारं खातं आपल्यासाठी दिवसरात्र राबतं आणि आपल्याला त्याची जाणीव नसते. मागच्या मंगळवारी हॉलमध्ये घोटाभर पाणी शिरेपर्यंत मलाही नव्हती. आता आली आहे. तुम्हाला यायला एवढा खर्च पडू नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

तक्रारीआधी रस्ता कोणाचा ते शोधा. महापालिकेचा, सुधार प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकामचा की हायवेवाल्यांचा? मी कोणत्या कचेरीत गेलो ते लिहीत नाही, कारण हा रस्ता आपला आहे हे तिथे कोणालाच मान्य नव्हतं. अर्जावर पोच मात्र घ्या. घरी आल्यावर तेवढंच हातात असतं.

"साहेब साइटवर गेले" असं ऐकलं की साइट कोणती ते विचारू नका.

सिमेंट रोड मंजूर झाला की पेढे वाटा. आम्ही वाटले होते. बाबांनी 1991 साली घर बांधलं तेव्हा गेटातून तीन पायऱ्या चढून वर यावं लागे. मग डांबरावर डांबर आलं, एक पायरी गेली. पुन्हा डांबर, दुसरी गेली. यंदा त्याच थरांवर सिमेंट ओतलं. तिसरी तर गेलीच, वर आता रस्त्यावरून एक पायरी उतरून घरात यावं लागतं. आई म्हणते, महादेवाच्या गाभाऱ्यात उतरल्यासारखं वाटते. अभिषेकाची सोयही खात्यानेच केली आहे: नालीच्या तोंडावरच काँक्रीट ओतलंय, त्यामुळे अख्ख्या गल्लीचं पाणी आमच्या गेटाशी येऊन थांबतं. थांबतं कसलं, आत येतं.

आणि हे काम केलं कधी, तर मे महिन्यात. नागपूरचा मे! काँक्रीटला पुढे कित्येक दिवस ओलं ठेवावं लागतं, हे स्लॅब टाकणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. तो आळी करतो, बारदान टाकतो, सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो. इथे एक पोऱ्या दोनदा पाइप फिरवून गेला, झालं. पंधरा दिवसांत आठवण झाली की खालून पाण्याची लाइन टाकायची राहिली. आणला ब्रेकर, फोडला रस्ता. चरात मुरूम भरला, तो पहिल्या पावसात बसला. शेजारच्या काकूंची स्कूटी तिथेच आडवी झाली. मनगटाला प्लास्टर आहे.

इंजिनिअर साहेब शेवटी भेटले. म्हटलं, जुना रस्ता खोदून मग नवा टाकायचा असतो ना? म्हणाले, "एस्टिमेटमध्ये खोदाई नव्हती." मग पाणी घरात येऊन राहिलं त्याचं काय? साहेबांनी मोबाइलवरची नजर न काढता सांगितलं, "काकाजी, घर उचलून घ्या ना. आजकाल जॅक लावून उचलून देतात."

घर उचलून घ्या! म्हणजे रस्ता खोदायचा खर्च वाचवायला मी घर उचलायचं. आणि पाच वर्षांनी तुम्ही आणखी एक थर टाकलात की परत जॅक लावायचा?

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. बसलोय.

पण आता चेष्टा पुरे. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरलात का हो? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली. डागा लेआऊट, कार्पोरेशन कॉलनीत माणसं पलंगावर उभी होती, दुसऱ्या दिवशी गाद्या नि शाळेची पुस्तकं रस्त्यावर वाळत होती. त्यानंतर तरी पाण्याला वाट ठेवून कामं कराल असं वाटलं होतं. तुम्ही तर उरलेल्या नाल्याही बुजवायला निघालात. पाणी उताराने जातं हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून आमचा आठवी नापास मिस्त्री लेव्हल काढतो. तुम्ही गल्लीत पाय न ठेवता बिलावर सही करता, आणि ऐंशी वर्षांच्या बाईचा पलंग विटांवर ठेवायची पाळी आणून वर जॅक सुचवता? लाज वाटू द्या थोडी.

आमची नाली उघडून द्या आधी. सुशोभीकरणाचं मग बोलू.