गुणगुणता येते ती चाल

लोकप्रिय संगीतातली एखादी सोपी, गोड चाल पिढ्यान्‌पिढ्या का टिकते, यावरून काल कट्ट्यावर वाद रंगला. तबला वाजवणाऱ्या मित्राचे म्हणणे असे की, लोक आधी ठेक्यावर डोलतात आणि चाल त्यामागून येते. कवितेत रमणारी मैत्रीण म्हणाली, "शब्द मनात घर करतात, म्हणून चाल आठवते." मला दोन्ही पटले नाही.

मैत्रिणीला मी बीटल्स या इंग्लिश बँडच्या १९६५ सालच्या 'यस्टरडे' या गाण्याचा दाखला दिला. ती चाल बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला एके सकाळी जाग येताच सुचली, तेव्हा तिला शब्द नव्हतेच. तात्पुरते म्हणून त्याने 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे न्याहारीतले शब्द तिच्यावर बसवले. ही चाल आपण दुसऱ्या कुणाची तर उचललेली नाही ना, या शंकेने तो कित्येक दिवस ओळखीच्या लोकांना ती ऐकवत राहिला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण उत्तम सोपी चाल पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटते आणि इथे ती खुद्द रचणाऱ्यालाच तशी वाटली.

"अरे, पण ओळखीच्या वाटणाऱ्या कितीतरी चाली आपण महिनाभरात विसरतो," मित्र म्हणाला. "सोपेपणानेच टिकायचे असते तर त्याही टिकल्या असत्या." हा आक्षेप खरा होता आणि त्याने मला विचारात पाडले.

मी जर्मन संगीतकार बेथोव्हेनची चाल गाऊन दाखवली. १८२४ साली प्रथम सादर झालेल्या त्याच्या नवव्या सिंफनीतली ही आनंदगीताची चाल पुढे जगभर लोकांच्या तोंडी बसली. ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग: सूर एकाला एक लागून येतात, षड्जापासून पंचमापर्यंतच्या, म्हणजे सा ते प अशा पाच स्वरांत जवळजवळ सगळी चाल मावते, आणि म्हणूनच गळा न कमावलेल्या माणसालाही ती पेलते. मात्र तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती एकदाच मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमाला टेकते आणि चौथ्या ओळीचा गंधार अपेक्षेपेक्षा एक मात्रा आधीच उचलते. सवयीने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली असे मनाने धरलेले असते आणि तेवढ्यात सूर आलेलासुद्धा असतो. मला तर दर वेळी तिथे नव्याने आनंद होतो. माझे म्हणणे एवढेच की, टिकणाऱ्या चालीच्या सोपेपणात असा एखादा अनपेक्षित क्षण नेमक्या जागी असतो आणि बाकीचा सरळपणा त्याच्यासाठी वाट करून देतो.

"पण ही तर लयीची करामत झाली," मित्र लगेच म्हणाला. 'यस्टरडे'चा पहिला खंडही सवयीच्या आठऐवजी सात आवर्तनांतच पुरा होतो, हे त्यानेच बोटांवर मोजून दाखवले. मला ते मान्य करावे लागले. आपण 'चाल' म्हणतो तेव्हा त्या शब्दात सुरांइतकीच लयही असते, आणि मी मात्र इतका वेळ सुरांचाच हिशेब मांडत होतो.

मग वाढदिवसाच्या गाण्याकडे वळलो. अमेरिकेतल्या हिल भगिनींनी १८९३ साली लहान मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या 'गुड मॉर्निंग टू ऑल' या गाण्याची ही चाल. पहिल्या दोन ओळी लहान उड्यांनी चढतात. तिसऱ्या ओळीत मंद्र पंचमावरून थेट मधल्या पंचमावर, म्हणजे पूर्ण सप्तकाची उडी आहे. समूहात अनेकांचा सूर नेमका तिथेच ढळतो, तरीही ती उडी कुणी गाळत नाही. आम्ही ती काढून तिसरी ओळ दुसरीसारखीच गाऊन पाहिली, तेव्हा चौथ्या ओळीला उतरायला उंचीच उरली नाही.

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, "ज्याचा वाढदिवस असतो, त्याचे नाव त्याच ओळीत येते."