वाट वाकडी केली, पण...
लांबच्या प्रवासात वाटेवरची ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवून तिथेच देणारी जागा, चुकवू नका, असं एका लेखात वाचलं होतं. आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो आणि मन खट्टू झालं. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटलेले, म्हणजे ग्लासच नीट धुतलेला नव्हता. पहिल्याच घोटाला लोण्यासारखा वास! हा डायअसिटिलचा, म्हणजे बिअर आंबताना तयार होणाऱ्या एका रसायनाचा. बिअर आंबवणाऱ्या यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही किंवा बिअर नळापर्यंत आणणाऱ्या नळ्या अस्वच्छ राहिल्या की येतो. त्या नळ्या दर १४ दिवसांनी तरी धुवायला हव्यात. गाडी चालवणाऱ्या बहिणीने नुसता वास घेतला, तिलाही कळलं. तिथल्या माणसाला सांगितलं तर म्हणे, 'आमची बिअर अशीच असते.' काचेपलीकडे टाक्या मात्र लखलखत होत्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं. दोन्ही ग्लास तसेच ठेवून निघालो.