कुणाचा विरोध?

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. कोथरूडमधली जुनी इमारत, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा आणि मारी बिस्किटं. चेअरमनसाहेबांनी (सलग अकरावं वर्ष!) ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाचा विरोध?" एकही हात वर गेला नाही. माझाही नाही. वर जाताना मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत चौघं कानाशी पुटपुटले, "आम्हालाही पटलं नव्हतं हो."

तेव्हापासून डोक्यात रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू फिरतोय. तुलना हास्यास्पद आहे, माहीत आहे. आमच्या चेअरमननी कुणाला गायब केलेलं नाही. केली असेल तर फार तर पार्किंगची जागा.

हुकूमशाही म्हटलं की आपल्याला रणगाडे आणि तुरुंग आठवतात. ते असतातच, आणीबाणीत येरवड्यात कोण कोण होतं हे पुणेकरांना सांगायला नको. पण सगळ्या जनतेला पुरतील एवढ्या कोठड्या कुणाकडे असतात? खरं काम भागतं ते शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे कळू न देण्यावर. पूर्व जर्मनीची लोकसंख्या जेमतेम १ कोटी ६० लाख. शेवटी शेवटी तिथल्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे स्टासीचे, पगारी नोकर ९० हजार आणि वर पावणेदोन लाखांच्या घरात खबरे. एका विरोधी कार्यकर्तीवरचा खबऱ्या तिचा नवराच निघाला. रोमानियात तर १९८३ साली फर्मान निघालं, टाइपरायटर पोलिसांत नोंदवा आणि अक्षरांचा नमुना द्या. आमच्या बाबांच्या मशीनचा 'र' अर्धा तुटका होता. तिकडे असते तर पहिल्याच पत्रकाला सापडले असते.

आणि मग २१ डिसेंबर १९८९. बुखारेस्टमध्ये कारखान्यांतून आणलेल्या गर्दीसमोर चाउशेस्कूसाहेब बाल्कनीतून बोलतायत, आणि मागून कुठूनतरी हुर्यो सुरू. त्यांचा तो हवेत अडकलेला हात आणि गोंधळलेला चेहरा टीव्हीवर थेट गेला. दुसऱ्या दिवशी लष्कर त्यांच्यावरच उलटलं, ते हेलिकॉप्टरने पळाले, २५ तारखेला गोळ्या घातल्या.

पण गर्दी जमली की सत्ता पडते, हा गोड गैरसमज. त्याच वर्षी जूनमध्ये चीनमध्ये, बीजिंगच्या तिआनमेन चौकात गर्दी काय कमी होती? तिथे एका सेनापतीने लोकांवर सैन्य न्यायला नकार दिलाही, पण बाकीचे निघाले. सैन्य फुटलं नाही. रणगाड्यात बसलेला माणूस कुणाचं ऐकतो, यावर फार अडतं.

तरी पहिला हात कुणीतरी वर करावाच लागतो. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली.

पुढच्या महिन्यात लिफ्टच्या खर्चासाठी विशेष सभा आहे. जिन्यातल्या चौघांनाही मेसेज टाकलाय. ब्लू टिक चारही आल्यात. उत्तर अजून एकाचंही नाही.