पाचिरिसू जिंकला तो बॅन होते म्हणूनच

नेरुळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी पोरं पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या लढती खेळायला जमतात. बहुतेक सातवी-आठवीतली, दोन-तीन कॉलेजची, आणि नियम सांभाळायला मी. गेले काही आठवडे त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वाशी, सीवूड्सच्या पोरांकडेही तोच पोचलाय. त्याचं सार असं: बॅन, म्हणजे काही पोकेमॉनवर किंवा मूव्हवर (चालींवर) बंदी, मागणारे रडके असतात. प्रत्येक पोकेमॉनला तोड असतेच. कंपनीने बनवलेला खेळ समतोलच असणार. हात चांगला असेल तर कशानेही जिंकता येतं, 2014 ला पाचिरिसूसारख्या दुबळ्या पोकेमॉनने वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक स्पर्धा, मारलीच की! आणि बॅन ठरवणारे चार लोक कोण लागून गेले?

लिहिणाऱ्याला खेळाची ओढ आहे हे दिसतं. पण पोरं हे सगळं खरं धरून चाललीत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पाचिरिसूचंच आधी घेऊ, कारण त्यावरच सगळ्यांचा भर आहे. घटना खरी आहे. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने 2014 ची जागतिक स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या टीममध्ये बेस स्टॅट्सची (हल्ला, बचाव, वेग अशा मूळ आकड्यांची) बेरीज जेमतेम 405 असलेली ही इलेक्ट्रिक खार होती. तिथे दोन्ही बाजूंचे दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी मैदानात असतात; 'फॉलो मी' ही मूव्ह वापरून ती शत्रूचे हल्ले स्वतःवर ओढायची. इलेक्ट्रिक हल्ल्याने तिला इजा तर होत नाहीच, उलट व्होल्ट अब्सॉर्ब या अ‍ॅबिलिटीमुळे (अंगच्या गुणामुळे) तब्येत सुधारते. त्यामुळे शेजारी उभा असलेला ग्यारॅडॉस निर्धास्त. फार सुंदर डोकं चालवलं होतं त्याने.

पण त्या वर्षीचे नियम कोणी वाचलेत का? फक्त कालोस पोकेडेक्समधलेच (खेळातल्या कालोस प्रदेशाच्या यादीतलेच) पोकेमॉन चालत होते, आणि त्यातूनही म्यूटू, झर्नियस, इव्हेल्टाल आणि झायगार्डला मनाई होती. म्हणजे ज्या स्पर्धेचा दाखला बॅनच्या विरोधात दिला जातो, तीच बॅन लावून खेळवली गेली होती. दोनच वर्षांनी, 2016 ला, टीममध्ये असे दोन महाबली घ्यायची मुभा मिळाली. मग काय दिसलं? झर्नियस, प्रायमल ग्राउडन, मेगा सॅलमन्स, मेगा कांगासखान, टॅलनफ्लेम, स्मीअर्गल. (मेगा आणि प्रायमल म्हणजे लढतीत मिळणारी जास्त ताकदीची रूपं.) ही सहाजणांची टीम इतक्यांनी उचलली की तिला 'बिग सिक्स' असं नावच पडलं. वुल्फ ग्लिकने त्या वर्षी क्योग्र आणि रेक्वाझा घेऊन विजेतेपद मिळवलं, पण तेही महाबलीच. त्या गर्दीत पाचिरिसूला कोण विचारतो?

याच स्मीअर्गलमुळे 'कंपनीने बनवलाय म्हणजे समतोल' हा मुद्दाही निकालात निघतो. स्केच या मूव्हच्या जोरावर तो जवळपास कुठलीही मूव्ह शिकतो, त्यामुळे झोपवणारी डार्क व्हॉइडसुद्धा शिकायचा. एका फटक्यात समोरचे दोघेही झोपी जाण्याची शक्यता, अचूकता 80 टक्के. पुढच्या पिढीत, म्हणजे खेळांच्या पुढच्या मालिकेत, कंपनीनेच अचूकता 50 वर आणली आणि ही मूव्ह डार्कराय हा पोकेमॉन सोडून कोणालाही वापरता येणार नाही असं केलं. समतोल आधीच असता तर हा खटाटोप कशाला केला असता? शिवाय कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत एकच पोकेमॉन किंवा एकच आयटम दोनदा घेता येत नाही. बॅन हा बाहेरच्यांनी लादलेला प्रकार नाही.

आता हात चांगला असण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

तो मेसेज आल्यावर पोरांनी हट्ट धरला, म्हणून एका रविवारी आम्ही पाचव्या पिढीच्या खेळात एकही बॅन न ठेवता सामने घेतले. आठवीतली एक मुलगी आमच्याकडे येते. वहीत प्रत्येक मूव्हचं गणित मांडून टीम बांधते, समोरचा काय घेऊन येईल याच्या दोन-दोन शक्यता पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. तिच्यासमोर आला बिडूफ. बेस बेरीज 250, म्हणजे पाचिरिसूहूनही कितीतरी दुबळा. पण त्याची अ‍ॅबिलिटी होती मूडी: प्रत्येक टर्नच्या शेवटी कुठला तरी एक स्टॅट दोन पायऱ्या वर, दुसरा एखादा एक पायरी खाली, दोन्ही नशिबाने. समोरचा पोरगा एक टर्न प्रोटेक्ट (हल्ला अडवणं), एक टर्न सब्स्टिट्यूट (मार झेलणारा बाहुला उभा करणं), एवढंच दाबत होता. बिडूफच्या हातात लेफ्टओव्हर्स हा आयटम, त्यामुळे तब्येत थोडीथोडी भरत होती. इव्हेजन (हल्ला चुकवण्याचा स्टॅट) सहा पायऱ्या वर गेलं की शंभर टक्के लागणारी मूव्हसुद्धा तीनातून एकदाच लागते. तिची हुकली, परत हुकली, पुन्हा हुकली. हरल्यावर तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "दादा, मी कुठे चुकले?" मी रिप्ले दोनदा पाहिला. ती कुठेच चुकली नव्हती.

बॅन नको म्हणणाऱ्यांनी त्या मुलीला उत्तर द्यावं. स्मोगॉन या ऑनलाइन समुदायाच्या खेळाडूंनी पाचव्या पिढीत मूडीवर बंदी घातली ती बिडूफ ताकदवान होता म्हणून नाही. विचार करून खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नव्हतं म्हणून घातली. इव्हेजन वाढवणाऱ्या मूव्ह, 30 टक्के नशिबावर एका फटक्यात गारद करणाऱ्या मूव्ह, यांच्यावरची बंदीही त्याच कारणाने आहे. हाताची कसोटी लागावी असं वाटत असेल तर बॅन हवेतच. आणि आठव्या पिढीत कंपनीनेही मूडीतून इव्हेजन आणि अचूकता काढून टाकली.

प्रत्येकाला तोड असते, हे कागदावर बरोबर आहे. पण तोड टीममधल्या सहा जागांपैकी एकीवर बसवावी लागते, आणि मार न खाता मैदानात उतरवावी लागते. मेगा रेक्वाझा घ्या. शारीरिक आणि स्पेशल, दोन्ही हल्ल्यांचे स्टॅट 180, वेग 115. बाकीच्यांना मेगा व्हायला हातात मेगा स्टोन धरावा लागतो. याला ड्रॅगन असेंट ही मूव्ह येत असली की पुरे, म्हणजे हात लाइफ ऑर्बसारख्या, हल्ला वाढवणाऱ्या आयटमसाठी मोकळा. तो शारीरिक हल्ला करणार की स्पेशल, हे पहिला फटका बसेपर्यंत कळत नाही, आणि एकाची तोड दुसऱ्यापुढे पडते. म्हणून स्मोगॉनने त्याला उबर्समधूनसुद्धा बाहेर काढलं आणि त्याच्यासाठी 'एनिथिंग गोज' हा वेगळा गट केला. उबर्स म्हणजे मुळात महाबलींचाच गट, हे लक्षात घ्या.

राहिला चार लोकांचा मुद्दा. स्मोगॉनच्या सस्पेक्ट टेस्टमध्ये, म्हणजे बॅनवरच्या मतदानात, ठरलेल्या मुदतीत ठरलेलं रेटिंग गाठणाऱ्या कोणालाही मत देता येतं, आणि बॅनसाठी साधं बहुमत पुरत नाही, साधारण 60 टक्के लागतात. नेरुळमधल्या पोरालाही ते मत मिळवता येतं. त्यांचं कौन्सिल (निवडक खेळाडूंची समिती) कधी कधी मतदानाशिवाय तातडीने बॅन करतं, ते मलाही खटकतं. चुकाही होतात. नवव्या पिढीत हाउंडस्टोनला बॅन केलं, पण खरा दोष त्याच्या लास्ट रिस्पेक्ट्स या मूव्हचा होता: आपला एकेक साथी पडला की तिची मुळातली 50 ची ताकद आणखी 50 ने वाढते, पाच पडले की 300. पुढे मूव्हवर बंदी आली आणि हाउंडस्टोन मोकळा झाला.

आमच्या हॉलच्या नोटीस बोर्डावर आता बॅनची यादी लावली आहे, प्रत्येक नावापुढे कारण लिहून. एखादं कारण पटत नसेल तर रविवारी दहाला या आणि सांगा, तो सामना आपण सगळ्यांसमोर खेळून बघू. यादीतली पहिली ओळ त्या मुलीच्या अक्षरात आहे.