खुलासा: 80 पराभव खरे, पण ‘कधीच जमलं नाही’ हे खोटं

टेक्सासमधल्या प्रेरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ सलग 80 सामने हरला, म्हणजे तिथल्या पोरांना हा खेळ कधी जमलाच नाही, असा मजकूर फिरतोय. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा.

बिली निक्स प्रशिक्षक असताना 1953 ते 1964 दरम्यान याच संघानं कृष्णवर्णीय महाविद्यालयांचं राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा पटकावलं. पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा केन ह्यूस्टन इथलाच. मग 1990 चा हंगाम पैशांच्या गोंधळापायी रद्द झाला आणि संघ परतला तो खेळाडूंसाठीच्या शिष्यवृत्त्यांविना. समोरचे संघ शिष्यवृत्ती देऊन खेळाडू आणायचे, इथली मुलं पदरमोड करून खेळायची. 1991 मध्ये अकराच्या अकरा सामने गेले. त्या मुलांना नालायक म्हणणं मला अजिबात पटत नाही. प्रेक्षकही येतच राहिले, त्यातले बरेचसे मध्यंतरातल्या बँडसाठी, हेही खरं.

शिवाय ही मालिका कधीच संपली. 26 सप्टेंबर 1998 रोजी ओक्लाहोमा सिटीत लँगस्टनविरुद्ध प्रेरी व्ह्यू 14-12 असं जिंकलं. अवघ्या दोन गुणांनी.